शेजारणीच्या पत्त्यावरची पेन्शन

क्वमग्लास गावातल्या म्हाताऱ्या बायका एक वेळ जेवणावाचून राहतील, पण शुक्रवारी केस बसवून घेतल्यावाचून राहायच्या नाहीत. रविवारी चॅपलमध्ये मागच्या बाकावरची बाई तासभर आपलं डोकंच न्याहाळत असते, हे प्रत्येकीला पक्कं ठाऊक. त्यामुळे मेरिएल प्रॉसरला कामाची ददात अशी कधी पडली नाही. लहानशी लाल मोटार, मागे घडीचा ड्रायर, रोलर्सची गलेलठ्ठ पिशवी, आणि ज्या घरी जाईल तिथे शेगडीवर आधीच चढवलेली किटली. एकेका डोक्याला दीड तास, त्यातला अर्धा तास केसांचा आणि एक तास गप्पांचा.

त्या खोऱ्यात आडनावं चारदोनच. एका गल्लीत तीन डेव्हिस, पाच विल्यम्स. म्हणून माणसाला त्याच्या धंद्याचं नाहीतर भानगडीचं नाव चिकटतं, आणि एकदा चिकटलं की मेल्यावरही सुटत नाही. मेरिएलला सगळे 'मेरिएल रोलर्स' म्हणत. त्यात वाईट काही नव्हतं. पण वरच्या आळीतल्या एल्विनला तरुणपणी टीव्हीचं लायसन नसल्याबद्दल एकदा दंड झाला, तो पुढे जन्मभर 'एल्विन लायसन' म्हणूनच जगला. त्याच्या मयतीला खुद्द पाद्रीबुवांच्या तोंडून ते नाव निघालं आणि विधवेनेही ते गोड मानून घेतलं.

मेरिएलकडे गावातल्या कितीतरी घरांच्या किल्ल्या होत्या. ज्यांना उठून दार उघडवत नाही अशा म्हाताऱ्या तिला किल्लीच देऊन ठेवत. कुणाची पर्स उघडी टेबलावर, कुणाच्या अंगठ्या बशीत. तिचा धंदा कात्रीवर जितका चालत होता त्याहून जास्त या भरवशावर चालत होता. तिला स्वतःलाही याचा अभिमान होता, आणि का नसावा?

पण मेरिएलच्या पोटात एक गुपित होतं. ती पेन्शन भरत होती.

कुणी म्हणेल, यात गुपित कसलं? चारचौघं भरतात. पण असं म्हणणारा माणूस मेरिएलच्या घराण्यात जन्मलेला नसणार. तिच्या आजीच्या, गर्टीच्या काळी कोळशाची खाण बंद पडली आणि घराघरांत सरकारी भत्ता सुरू झाला, तेव्हा भत्त्याबरोबर एक माणूसही यायचा. घरात कोण किती कमावतो आणि विकण्याजोगं काय आहे, ते बघायला. तो गल्लीच्या टोकाला दिसला की गर्टीचा पियानो चार गडी लावून शेजारच्या घरात सरकवला जाई, आणि शेजारणीचं घड्याळ तिसऱ्या घरी जाई. थोरला मुलगा इड्रिस दुकानात कामाला होता, त्याच्या पगारापायी भत्ता कापला जाऊ नये म्हणून तो कागदोपत्री मावशीकडे राही आणि अंधार पडला की मागच्या दाराने जेवायला येई. त्या माणसाने एकदा पाच वर्षांच्या ओल्वेनला, म्हणजे मेरिएलच्या आईला, लाडाने विचारलं, "काय गं बाळ, तू घरात काय खेळतेस?" बाळ म्हणालं, "पियानो." त्या हिवाळ्यात भत्ता निम्मा झाला.

घरच्यांनी पुढे हा किस्सा हसत हसत सांगितला, पण ओल्वेनने तो हसत ऐकला नाही. तिने कानाला खडा लावला. सरकारी माणसापुढे तोंड उघडायचं नाही, कागदावर काही दाखवायचं नाही, विचारलं तर 'नाही' म्हणायचं. मेरिएलला चमच्याने भरवताना तिने हेच भरवलं होतं. जोडीला स्वतःचं उदाहरणही होतं. ओल्वेनने शाळेत जन्मभर फरशा पुसल्या, पण लग्न झालेल्या बायांना पगारातून सरकारी पेन्शनचे पैसे कमी कापून घेण्याची तेव्हा सवलत होती. हा पैसा कार्डावर स्टँप चिकटवून भरला जाई, म्हणून सगळ्याजणी त्याला 'छोटा स्टँप' म्हणत, आणि नवऱ्यांना तो फार आवडे. छोटा स्टँप भरला, म्हातारपणी पेन्शनही छोटीच आली. आता एकोणऐंशीव्या वर्षी ओल्वेन एकाच खोलीत हीटर लावी, तोही संध्याकाळीच, आणि विचारलं तर म्हणे, "मला गारवा मानवतो."

आपलं असं होऊ द्यायचं नाही, हे मेरिएलने ठरवलं होतं. नवरा ब्रिस्टलला कामासाठी गेला तो तिथेच रमला. मुलगी नेरिस शाळेत. तेव्हा महिन्याला चाळीस पौंड ती पेन्शनच्या कंपनीकडे पाठवू लागली. पण कंपनीची पत्रं आपल्या घरी नकोत! ती शेजारच्या टेग्वेन हॉपकिनच्या पत्त्यावर येत. आजीचा पियानो गेला होता तसेच नातीचे कागद शेजारी गेले. टेग्वेन आंटी ते पावाच्या डब्यात ठेवत. आधी वाचून, अर्थात.

"यंदा शेअर बाजार काही बरा नाही हं," असं त्या कुंपणावरून एखाद्या सकाळी सांगत, म्हणजे पत्र आलं असं समजायचं.

हे सगळं लपवायचं ते कुणापासून, तर टॅक्स क्रेडिटवाल्यांपासून. काम करूनही मिळकत तोकडी पडणाऱ्या, लेकुरवाळ्या घरांना सरकार तेव्हा ही रक्कम देई. मिळकत वाढली की रक्कम घटे, मिळकत घटली की वाढे. दर उन्हाळ्यात मिळकत पुन्हा कळवावी लागे. मेरिएल वर्षाची कमाई प्रामाणिकपणे लिही, अगदी केकच्या बदल्यात कापलेल्या केसांचीसुद्धा. पण पुढे 'पेन्शनमध्ये काही भरता का?' असा रकाना येई, तिथे तिची आई तिच्या कानात बोलू लागे. बाजूला पैसा टाकणारी बाई गरजू कशी, असं विचारतील आणि देताहेत तेही बंद करतील. मेरिएल तिथे शून्य घाली. सोबत आलेली माहितीची जाडजूड पुस्तिका ती कधी उघडत नसे, टेबलाच्या लंगड्या पायाखाली मात्र ती छान बसली होती.

आणि मग त्या वर्षी, शरद सुरू होता होता, तपकिरी पाकीट आलं. गेल्या वर्षाच्या मिळकतीची चौकशी करायची आहे, हिशेब आणि बँकेचे कागद पाठवा.

बँकेचे कागद! प्रत्येक महिन्याच्या तीन तारखेला त्यावर पेन्शन कंपनीचं नाव ठळक छापलेलं. ती पाकीट घेऊन तशीच कुंपणाकडे गेली.

"आंटी, मेले मी."

टेग्वेन आंटींनी चष्मा डोक्यावरून नाकावर आणला आणि पत्र दोनदा वाचलं. "मी तुला सांगते काय करायचं. सोफा."

"काय सोफा?"

"हप्त्याने सोफा घेतला म्हणायचं. महिन्याला चाळीस."

"कंपनीच्या नावात पेन्शन हा शब्द आहे, आंटी! पेन्शन कंपनी सोफा विकते का?"

"आजकाल दूधवाला बटाटे विकतो," आंटी म्हणाल्या. "बरं, मग माझ्यावर ढकल. तो पत्ता माझा, ती बाई मी."

"आणि तुम्ही माझ्या खात्यातून भरताय?"

"तू मला फार मान देतेस, म्हणून."

मेरिएलला हसू आलं, आणि हसता हसता रडू. पैसे परत मागतील याची भीती होतीच, पण तिची झोप उडवली ती दुसऱ्याच गोष्टीने. फसवाफसवी केली म्हणून नाव झालं, तर किल्ल्या परत मागायला लोक येतील. मागणार नाहीत, तोंडावर कोण मागतं? 'अगं, माझी भाची आलीय, तिला जरा किल्ली हवी होती,' असं म्हणतील आणि ती परत कधी मिळणार नाही. शुक्रवारची डोकी एकेक करून गळतील. आणि नाव? 'मेरिएल पेन्शन'. नेरिसच्या लग्नात नवऱ्यामुलाकडची माणसं विचारतील, असं का म्हणतात हो तुमच्या आईला?

त्या आठवड्यात तिने एका बाईचे केस जांभळे केले. चंदेरी झाक द्यायची होती, पाणी टाकायला विसरली. बाई आरशात बघून म्हणाली, "मला आवडलं, पण आमच्या पाद्रीबुवांना विचारावं लागेल."

जांभळ्या केसांचा प्रकार टेग्वेन आंटींच्या कानावर गेला, तेव्हा त्यांनी सोफ्याचा नाद सोडला. "मंगळवारी जुन्या खाणकामगार सभागृहात तो सरकारी कागदांबद्दल फुकट सल्ला देणारा मुलगा बसतो. गेथिन. पॅरीचा नातू. जा त्याच्याकडे आणि ओक सगळं."

"मॅमला कळलं तर?"

"तुझ्या आईला मी बघते. तिला मी साठ वर्षं बघतेय."

मंगळवारी मेरिएल बँकेचे कागद आणि पावाच्या डब्यातली पत्रं पिशवीत घालून गेली. पत्रांना अजून पावाचा चुरा चिकटलेला होता. सभागृहातल्या जुन्या ग्रंथालयाच्या खोलीत गेथिन एकटाच एका मोठ्या टेबलामागे बसला होता. पंचविशीतला, भला, आणि केसांची अशी दशा की मेरिएल दारातच थबकली. पुढची झुलपं त्याने स्वतःच कापलेली होती, हे आंधळ्यालाही कळलं असतं. एका बाजूला भुवईच्या वर, दुसऱ्या बाजूला डोळ्यात.

"बसा ना. काय मदत करू?"

मेरिएल बसली आणि बांध फुटावा तसं बोलू लागली. पेन्शन, शून्य, शेजारणीचा पत्ता, सोफा, सगळं. बोलताना त्याच्या तोंडाकडे बघायचा धीर नव्हता, म्हणून ती त्याच्या झुलपांकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "माझ्या मुलीचं नाव यात येऊ नये एवढंच बघा. मी काय ते भरीन. हप्त्याने."

गेथिनने पत्रं झटकली, चुरा टेबलावरून हाताने गोळा केला, आणि मग विचारलं, "मिसेस प्रॉसर, हे किती वर्षं केलंत?"

"सहा."

"अरे देवा."

"तुरुंग होईल का?"

"सरकारला मिळकत जास्त सांगून स्वतः कमी पैसे घेतल्याबद्दल कुणाला तुरुंगात टाकल्याचं मी अजून तरी ऐकलं नाही."

मेरिएलला वाटलं आपल्या कानात ड्रायरचा आवाज राहिलाय. "जास्त सांगून? मी कमी सांगितली! लपवलं ना मी!"

"तेच तर लपवायचं नव्हतं." गेथिन पुढे वाकला. झुलपं डोळ्यात गेली, त्याने ती फुंकरीने उडवली. "हे बघा. पेन्शनमध्ये घातलेला पैसा तुमच्या हातात राहतो का? नाही. म्हणून टॅक्स क्रेडिटसाठी मिळकत धरताना तो वजा करायचा असतो. तो रकाना त्याच्यासाठीच होता. मिळकत कमी दिसली की रक्कम वाढते."

"म्हणजे तो सापळा नव्हता?"

"ती देणगी होती, आणि तुम्ही त्यावर शून्य लिहून परत पाठवत होता. दर वर्षी. स्वतःच्या सहीने."

मेरिएलने समोरचं पत्र आपल्याकडे ओढलं.

"आणि चाळीस नाही," गेथिन म्हणाला. त्याला आता चेव चढला होता. "तुम्ही चाळीस भरता, सरकार त्यात कराचे दहा घालतं, पेन्शनमध्ये पन्नास जमा होतात. तुमच्या पत्रात आहे की. वजा करायचे ते पन्नास. म्हणजे वर्षाचे सहाशे. त्या सहाशेवर तुम्हाला अडीचशेच्या आसपास जास्त मिळायला हवे होते. वर्षाला."

"थांब, थांब जरा." मेरिएलच्या तोंडचं 'तुम्ही' आता गळून पडलं होतं. "मी चाळीस टाकायचे, त्यात ते दहा घालणार, आणि वर मी टाकले म्हणून मला आणखी देणार?"

"हो."

"का?"

गेथिनला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. "म्हातारपणी तुम्ही त्यांच्या दारात जाऊ नये म्हणून असेल."

मेरिएल हसायला लागली. आधी नुसती खुसखुसली, मग तिला ते आवरेना. जन्मात एकदा श्रीमंत होते, तेही सरकारच्या कागदावर, आणि मलाच पत्ता नाही, असं म्हणत ती टेबलावर डोकं टेकून हसली. मग एकदम तिला खरोखरचा राग आला. सहा वर्षं! नेरिसच्या शाळेची फ्रान्सची सहल तिने 'तुला बोटीत मळमळतं' असं सांगून टाळली होती. त्या पोरीला आयुष्यात कधी मळमळलं नव्हतं.

"सगळे परत मिळतील?"

"नाही," गेथिन म्हणाला, आणि त्याला ते सांगताना वाईट वाटलं हे दिसत होतं. "जुनी वर्षं बंद झाली, ती आता कुणी उघडणार नाही. पण गेल्या वर्षाची चौकशी त्यांनीच काढलीय, म्हणजे ते वर्ष उघडं आहे. ते दुरुस्त करून घेऊ. आणि यंदापासून पुढचं बरोबर लिहू. हे पत्र आलं नसतं तर गेलेलं वर्षही गेलं असतं."

त्याने तिथल्या तिथे फोन लावला आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला. पलीकडे स्कॉटलंडकडची एक बाई होती, फार शांत. तिने विचारलं, "पेन्शनमध्ये काही भरता का?"

"भरते," मेरिएल म्हणाली. इतक्या मोठ्याने, की शेजारच्या खोलीत बँडचा सराव करणाऱ्या माणसाचं कॉर्नेट क्षणभर थांबलं.

एकदा सुरुवात झाली म्हटल्यावर मग तिला थांबवणं कठीण गेलं. तिने त्या बाईला ख्रिसमसला मिळणाऱ्या अंड्यांबद्दल सांगितलं, एका मयत गिऱ्हाइकाने ठेवलेल्या चहाच्या भांड्यांबद्दल सांगितलं. "ते आम्हाला नको आहे, मॅडम," ती बाई पुन्हा पुन्हा म्हणत होती. गेथिनने शेवटी फोन हळूच काढून घेतला.

निघताना मेरिएलने पिशवीतून कात्री काढली. "फी देऊ नये असं तुमच्या दारावर लिहिलंय. पण हे मी बघू शकत नाही. वळ तिकडे."

पैसे महिनाभराने आले. सोबत आलेल्या पत्रात चौकशी संपल्याचं दोन ओळींत लिहिलं होतं. मेरिएलने ते टेग्वेन आंटींना वाचायला दिलं, कारण न दिलं असतं तर त्या दुखावल्या असत्या. पेन्शनची पत्रं आता आपल्याच घरी येतील असंही तिने सांगितलं. आंटींनी दिलदारपणे मान डोलावली आणि म्हणाल्या, "मग बाजाराचं कोण कळवणार मला?"

उरलं होतं आईला सांगणं. टेग्वेन आंटींनी 'मी बघते' म्हटलं होतं, पण त्यांनी काहीही बघितलं नव्हतं.

शनिवारी मेरिएल आईचे केस करायला गेली. ओल्वेनचे केस पातळ झाले होते, रोलरवर एकेक बट गुंडाळताना मेरिएलला कवटीचा गुलाबी रंग दिसे. तिने मागे उभं राहूनच सगळं सांगितलं. समोर बसून सांगायची तिची छाती झाली नसती.

ओल्वेन म्हणाली, "म्हणजे मी तुला चुकीचं शिकवलं."

"नाही गं मॅम. तेव्हा दाखवलं की ते काढून घेत. तू शिकलीस ते तेव्हा बरोबरच होतं."

"आणि आता?"

"आता नाही दाखवलं तर देत नाहीत."

"नेरिसची सहल गेली ना त्यात?"

मेरिएलला वाटलं होतं हे आईला माहीत नाही. तिने चौथा रोलर लावला. "पुढच्या वर्षी आहे परत. जाईल ती."

ओल्वेनने मांडीवरचे हात उलटे करून पाहिले. फरशा पुसून सांधे सुजलेले हात. मेरिएलला आईचा राग यायला हवा होता, महिनाभर तिने तो जमवूनही ठेवला होता. पण त्या हातांकडे बघून तिला आईची फक्त माया आली, इतकी की तिने उगाचच पिना शोधायला पिशवीत तोंड घातलं.

"दोन-तीन वर्षांपूर्वी कौन्सिलची एक मुलगी आली होती," ओल्वेन म्हणाली. "म्हणाली, पेन्शन कमी असेल तर वरून भर मिळते. मी म्हटलं, मला सगळं भरपूर आहे. दारातूनच."

मेरिएल पिशवीतून वर आली. "मॅम!"

"ओरडू नकोस, डोकं तुझ्या हातात आहे." ओल्वेनने मान किंचित मागे वळवली. "तो मुलगा... कपाटं उघडून बघतो का?"

"नाही. कुणी घरीसुद्धा येत नाही. तो टेबलामागे बसतो, तू खुर्चीत बसायचं, आणि विचारेल ते खरं सांगायचं. बस."

"खरं सांगायचं," ओल्वेन स्वतःशीच म्हणाली. एकोणऐंशी वर्षांची बाई, पण आवाज एकदम लहान झाला होता. "आणि कुणाचं काही काढून नाही घेत?"

"नाही घेत, मॅम. मी येते की तुझ्याबरोबर. तुझा हात धरून बसते."

"हात कशाला धरायचा? मी काय लहान आहे?" ओल्वेन ताठ बसली. "कधी असतो म्हणालीस तो?"

"मंगळवारी. दहाला."

"मग तू आठलाच ये आणि माझे केस पुन्हा बसवून दे. मागायला जाताना मला गरजू दिसायचं नाही."